आईच्या कपाळावरचं गोंदण
लॅमिनेशनच्या गरम प्लॅस्टिकचा वास आला की मला सांगलीतलं ते डीटीपी सेंटर आठवतं. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि मी तिथं नुकतीच कामाला लागले होते. स्कॅन केलेल्या फोटोचं एका क्लिकवर जलरंगातलं चित्र होतं, हे नव्यानंच कळल्यामुळे येईल त्या फोटोवर मी ते करून बघायची. एका दुपारी, लेकीकडं आलेल्या रहिमतपूरच्या एक आजी आल्या. नातीच्या लग्नात द्यायच्या अल्बमचं एक पान त्यांना कॉम्प्युटरवर करून हवं होतं. त्यासाठी त्यांनी आपल्या आईचा एकुलता एक, डागाळलेला फोटो आणला होता. मी क्लिक केलं तसे डाग रंगात विरघळले आणि चेहरा उजळला. आजींनी पडद्याजवळ वाकून बघितलं. "लय ग्वाड दिसतीया," त्या म्हणाल्या, "पर गोंदण कुठं गेलं?" कॉम्प्युटरनं डागांबरोबर तेही पुसलं होतं. मूळ फोटो मोठा करून बघितला, तर डाग कुठला आणि गोंदण कुठलं, मला कळेना. "नेमकं कुठं होतं, आजी?" मी विचारलं. त्यांनी डोळे मिटून स्वतःच्याच कपाळावर बोट फिरवलं आणि भुवयांच्या जरा वर थांबवलं. "हितं, तीन ठिपकं. तिच्या मांडीवर निजून तेच बगायची मी." मी माउसनं तिथं तीन हिरवे ठिपके दिले. "आता आई झाली," त्या म्हणाल्या. हल्ली मोबाईल असं चित्र क्षणात करून देतो, पण त्यानं काय पुसलं असेल, हे मी अजून शोधत बसते.