बापूंच्या इटालियन शिव्या

माझे सासरे बापू पोस्टातून रिटायर झाले, पण आळीत त्यांचं नाव होतं ते शिव्यांसाठी. हसू नका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विशीतले बापू भोपाळजवळ बैरागढला इटालियन कैद्यांच्या छावणीत कोठीवर कारकून होते. बटाटे सोलता सोलता कैद्यांनी त्यांना इटालियन शिकवलं ते एवढंच, शिव्यांपुरतं. हिंदी किंवा मराठी अपशब्द मात्र त्यांच्या तोंडून उभ्या जन्मात कुणी ऐकला नाही. दुधात पाणी घालणारा भय्या 'मास्काल्त्सोने', म्हणजे लुच्चा. स्कूटर अडली की ती 'क्रेतीना', बावळट. बिजलीच्या बिलाच्या खिडकीवरचा बाबू 'तेस्ता दि रापा', म्हणजे डोक्याच्या जागी शलगम. तो बिचारा खूश होऊन नमस्कार करायचा.

त्र्याण्णव साली परदेशी गिऱ्हाइकं थेट दारात यायला लागली. भैरवगढचे छपाई कारागीर गफूरचाचा, त्यांच्याकडून ठप्प्यांच्या चादरी छापून घेऊन मी फ्रीगंजच्या बाजारात विकत असे. एक इटालियन व्यापारी नमुने बघायला येणार होता. ऑर्डर मिळाली तर चाचांची बंद पडलेली छपाईची चार टेबलं पुन्हा चालू होणार होती. मी बापूंना बजावलं, बरोबर चला, पण काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. माझी जीभ तिखट, सासरे असले म्हणून काय झालं. ते 'बरं बाई' म्हणाले.

चाचांच्या कारखान्यात व्यापाऱ्याला पाणी देताना बापूंच्या हातून चादरीवर थोडं सांडलं. व्यापारी त्यांच्याकडे बघून सोबत्याला हसत काहीतरी म्हणाला, 'सोमारो' असं. गिऱ्हाईक हसतंय म्हणून मीही हसले. बापूही हसले.

मग व्यापाऱ्याने कापडावर मोजपट्टी ठेवली. हाताच्या छपाईत दोन ठप्प्यांचा सांधा केसभर इकडेतिकडे होणारच. त्याने चाचांकडे बघून पुन्हा तोच शब्द उच्चारला. बापू उठले. मी डोळे वटारले, पण ते बघतायत कुठे!

"सोमारो, इओ," स्वतःच्या छातीवर हात ठेवून ते सावकाश म्हणाले. मग चाचांकडे बोट केलं. "लुई, नो. लुई माएस्त्रो."

सोमारो मी, चाचा नाहीत; चाचा उस्ताद, एवढं हातवाऱ्यांवरून मलाही समजलं. गेली ऑर्डर, मी मनात म्हटलं. व्यापाऱ्याचा चेहरा लाल झाला. त्याने पट्टी खिशात घातली, चाचांना हात जोडले आणि तासभर त्यांचं काम बघत बसला. ऑर्डर दिली, पण दोनच टेबलांपुरती.

परतताना टेंपो देवास गेटपाशी थांबला. मी विचारलं, सोमारो म्हणजे काय हो?

"गाढव," बापू म्हणाले.

म्हणजे पहिल्यांदा तो बापूंनाच म्हणाला होता, आणि मी दात काढून हसले होते.

"बापू, तेव्हाच का नाही बोललात?"

"तू गप्प बस म्हणाली होतीस ना," ते म्हणाले. "माझ्यापुरतं पाळलं मी."