दाजीचा पाट

दाजी मला कधीच आवडला नाही, तेव्हा त्याच्याबद्दल मी गोड लिहीन अशी आशा कोणी ठेवू नये. लिहायचं आहे त्याच्या पुतण्याबद्दल, सत्यवानबद्दल. पण दाजीला वगळून ते लिहिता येत नाही.

मालवण किनाऱ्यावरच्या आमच्या वाडीत विठोबाची गणपतीची शाळा होती. शाळा म्हणजे दाजी आणि विठोबा या भावांचा सामाईक मांगर, घराबाहेरची साठवणीची खोप. नागपंचमीच्या सुमारास घरोघरचे पाट तिथे यायचे आणि ज्याच्या त्याच्या पाटावर ज्याचा त्याचा गणपती घडायचा. एकदा पाट दुसऱ्या शाळेत गेला की तो परत येत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. १९५८ च्या उन्हाळ्यात विठोबा गेला. मुलगा सत्यवान कोल्हापुरात चित्रकला शिकत होता. तो घरी आला आणि म्हणाला, "बापाशीची शाळा मी बंद पडाक देवचंय नाय."

बापाच्या रिवाजाप्रमाणे त्याने पहिला पाट दाजीचाच घेतला, कारण दोन्ही घरांचा गणपती एकच आणि तो दाजीकडे बसायचा.

मग एक दिवस सत्यवान माती आणायला गेलेला असताना दाजीने मांगर रिकामा करायला घेतला. त्याला नव्या होडीची जाळी ठेवायची होती. अर्धवट मूर्तींसकट सारे पाट गड्यांनी अंगणात आणून टाकले, आणि पाऊस धो धो कोसळत होता. मी कुंपणावरून ओरडलो, "दाजी, देव भिजतत!"

"डोळे आखल्याशिवाय देव खंयचो? माती आसा ती."

सगळ्यात आधी विरघळला तो दाजीचाच गणपती. पण जन्मात ह्याने पाट उचलला नव्हता. न्यायचं-आणायचं काम बायकोचं. त्याला आपला पाट ओळखता आला नाही. मी ओळखला होता. सांगितलं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

सत्यवान आला, चिखलात उभा राहून रडला, मग चुलत्याला नको नको ते बोलला. दुसऱ्या दिवशी रंगांचा डबा काखोटीला मारून दारोदार निघाला. ज्याचा पाट, त्याच्या पडवीत बसून गणपती करू लागला. कुठे शेजारी गुरं, कुठे चुलीचा धूर, उजेडाची तर सगळीकडेच बोंब. चित्राला उत्तरेचा उजेडच हवा म्हणणारा हा मुलगा भरदुपारी कंदील लावून सोंड वळवायचा. एकही पाट परगावी गेला नाही.

शेवटी दाजीची बायको कावेरी पाट डोक्यावर घेऊन आली. "झिला, आपलो गणपती रवलो रे."

"काकी, ज्याचो पाट, त्याच्याच घरात बसतंय मी. ह्यो पाट दोघांचो, मांगरय दोघांचो. तो उघडूक सांग."

जाळी बाहेर आली, त्याच पावसात. सत्यवानने मांगरात बसून गणपती केला, आणि देखणा केला. डोळे आखून झाले तसा दाजी म्हणाला, "पुढच्या वर्साक हंयच बस."

"काकानू," हात पुसत सत्यवान म्हणाला, "पुढच्या वर्साक आमचो गणपती वेगळो. तुमचो पाट दुसऱ्या शाळेत न्हेवा."

दाजीचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं.

पुढच्या नागपंचमीला कावेरीने पाटाला हात लावायला साफ नकार दिला. दाजी स्वतः तो डोक्यावर घेऊन, सगळ्या वाडीदेखत, शेजारच्या गावाकडे चालत गेला. मी मुद्दाम कुंपणाशी उभा होतो. आता त्याला आपला पाट ओळखता येत होता.