कडब्याआडची दोरी

नीट न वाळलेल्या कपड्याचा कुबट वास आला, की मला मिरजेचा दवाखाना आठवतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट, मी वडूजला आठवीत होते. पाळीचे कपडे धुऊन गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांमागच्या दोरीवर, कुणाला दिसणार नाहीत असे वाळत घालायचे, ही आईची शिकवण. तिथं ऊन कधी पोचायचंच नाही. ओलसर कपडा तसाच वापरून मांड्यांना फोड आले, शाळेत बाकावर बसवेना. शेवटी फौजेतून रजेवर आलेले वडील आम्हा दोघींना मिरजेला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी मला पडद्याआड तपासलं आणि बाहेर येऊन वडिलांसमोरच आईला विचारलं, “कपडा कुठं वाळवता?” आईनं पदर तोंडाला लावला. “उनातच की, बाई,” आई पुटपुटली. “मग असं व्हायला नको,” म्हणत बाईंनी मलम लिहून दिलं. पुढच्या महिन्यात कपडा पुन्हा कडब्याआडच गेला. आज साठी उलटली, माझी दोरी गच्चीत भर उन्हात आहे. तरी जिन्यात पावलं वाजली, की आतल्या कपड्यांवर टॉवेल ओढायला हात आपोआप जातो.