अंगानं पाणी पिणारं झाड

रावसाहेबांची उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, आणि तरी झाड पाणी कुठून पितं हे त्या माणसाला कळलं नाही. मी मथुराबाई, त्यांच्या सोलापूरच्या बंगल्यात अकरा वर्षं स्वयंपाकाला होते. ऐकीव काही सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

पेन्शनीत निघाल्यावर रावसाहेबांना साहेबी बागेचं खूळ लागलं. मद्रासच्या गाडीनं निलगिरीहून त्यांनी नेच्याचं झाड मागवलं. विहिरीच्या कडेला वीतभर उगवतो तोच नेचा, पण हा पुरुषभर उंच खोडाचा, वर पानांची छत्री. चैतात जिथं कावळेसुद्धा सावलीला तोंड उघडून बसतात, तिथं हे थंड हवेचं झाड आणलं! सांगणार कोण? रावसाहेब ना ते!

ते जगवलं मौलालीनं. मौलाली आमचा माळी, अक्कलकोटकडचा, वाळका आणि कमी बोलणारा. आधी तोही सगळ्यांसारखा बुडाशीच पाणी घालायचा, आणि पानं करपत चालली होती. एके दिवशी खोडावरच्या तपकिरी केसांत बोटं घालून तो कितीतरी वेळ बसला. मग मला हाक मारली.

"बाई, हे केस न्हाईत. मुळं हायती. ह्ये अंगानं पाणी पितंय की!"

तेव्हापासून खोडाला गोणपाट गुंडाळायचं आणि दिवसातून तीनदा ते भिजवायचं. पश्चिमेला वाळ्याचा पडदा. तांदळाचं धुवण मी झाडासाठी रोज राखून ठेवायची. मधोमध विंचवाच्या नांगीसारखा वळलेला नवा कोंब आला की मौलाली मला हातातली पोळी सोडून बघायला लावायचा. त्याची बायको बिबीजान चिडवायची, "घरी घागर रिकामी, अन् झाडाची आंघोळ तीनदा!" तो हसायचा. पोरबाळ नव्हतं त्यांना. असे सहा उन्हाळे त्यानं ते झाड जगवलं.

चौतीस सालच्या मार्चात कलेक्टरसाहेब चहाला येणार असं ठरलं आणि रावसाहेबांच्या अंगात आलं. साहेब येणार म्हटलं की झाडांना कमरेपर्यंत चुना आणि वर गेरूचा पट्टा, ही आपल्याकडची रीतच. लिंबाला लागला, चिंचेला लागला. मग स्वारी नेच्यापाशी आली.

"हे काय भिकाऱ्यासारखं गोणपाट? काढ ते. खोड तारेच्या ब्रशानं घासून साफ कर, आणि ह्याला वरपर्यंत चुना लाव."

मौलालीनं पाय धरले. "साहेब, मरंल त्ये. ह्याचं तोंडच हाय त्ये सगळं."

"तू मला पाणी शिकवणार? अरे, तालुकेच्या तालुके भिजवलेत मी! लाव, नाहीतर चालता हो."

मौलालीनं खुरपं ओट्यावर ठेवलं, बिबीजानला बरोबर घेतलं, दोन गाठोडी उचलली आणि गेला. मग टांगेवाल्या ईश्वरप्पाला रंगवायला बसवलं. त्या बिचाऱ्याला घोड्याला खरारा करणं ठाऊक. त्यानं खोडही तसंच खरवडलं. खडे राहू नयेत म्हणून चुना आधी गाळायला स्वयंपाकघरात पाठवला होता. फडक्यातून मी तो गाळून दिला. तोंडातून ब्र काढला नाही. रावसाहेबांना काय नावं ठेवू, मीही त्याच घरची!

कलेक्टर आला. झाडाकडं त्यानं ढुंकून पाहिलं नाही, कांदाभजी मात्र तीनदा मागून घेतली. रावसाहेब आपले पांढऱ्याफेक खोडाशेजारी छाती काढून उभे.

पंधरा दिवसांत पानं खाली लोंबली. रावसाहेबांनी बुडाशी पाट काढला, पाट! चिखल झाला, झाड काही वर बघेना. तेव्हा कुठं अक्कल आली आणि ईश्वरप्पाचा टांगा मौलालीकडे गेला.

मौलाली आला. खोडावर तळवा ठेवला, मग शिडी लावून मधला कोंब बघितला. काळा पडून मऊ झाला होता.

"तुला काय लागेल ते सांग," रावसाहेब म्हणाले. आवाज इतका गोड की मलाच लाज वाटली. "उद्यापासून कामावर ये."

"आता कशाला, साहेब?" मौलाली खाली उतरला. "चुना लई झ्याक बसलाय."

जाताना तो स्वयंपाकघराच्या दाराशी थांबला. धुवणाचं पातेलं तिथंच भरलेलं होतं. सवयीनं मी रोज ठेवतच होते. तो पांढरा तळवा त्यानं धोतराला पुसला.

"बाई, चुना तुमी गाळला व्हता?"

"हो," म्हटलं मी.

"वाटलंच. एक खडा न्हाय त्यात."

कोनाड्यातला त्याचा कप मी काढला, चहा ठेवते म्हटलं. सहा वर्षांत माझ्या चहाला तो कधी नाही म्हणाला नव्हता. त्या दिवशी नको म्हणाला, आणि टांगा उभा असून पायीच गेला.