‘आम्ही’ न म्हणणारे अध्यक्ष

‘आम्ही’ हा शब्द तोंडून न काढता कामगारांची युनियन चालवणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच झाला असेल, आणि तो आमच्या सौंसरचा. बोरगावच्या सूतगिरणीत भाऊ आमचे अध्यक्ष आणि मी सचिव. त्यांचं म्हणणं असं, की ‘आम्ही’च्या मागं माणूस लपतो, ज्याला जे पाहिजे ते त्यानं ‘मी’ म्हणून मागावं. त्यामुळे आमच्या मोर्चात सगळ्यांची मिळून एक घोषणा कधी झालीच नाही. गेटसमोर भाऊ ओरडायचे, "माही मागणी!" आणि पुढं जो तो आपापली ओरडायचा. कोणाला बूट हवे, कोणाला पंखा. मोहगावच्या एकाला सकाळची पाळी, कारण संध्याकाळी त्याचं भजन. नुसता कालवा! मॅनेजरसाहेब पोट धरून हसले, पण बूट कोणाकोणाला नाहीत हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. शेजाऱ्याचं पाहून कोणी हात वर करू नये म्हणून आमचं मतदान डोळे मिटून होई. अध्यक्षानंही पाहू नये, या तत्त्वापायी एकदा भाऊंनीही डोळे मिटले, आणि तो ठराव पास झाला की नाही हे आजवर कोणालाच ठाऊक नाही. पोरीच्या लग्नपत्रिकेतलं ‘आमचे येथे’ खोडून त्यांनी ‘माझे येथे’ केलं, तेव्हा वहिनी कडाडल्या, "अन् मी काय पाहुणी हाय का इथं?" शेवटी ‘माझे व माझे येथे’ असं छापायला गेलं. पांढुर्ण्याच्या छापखानेवाल्यानं चूक समजून दोनदा फोन केला.

आता जे सांगायचं ते सांगतो. एका उन्हाळ्यात आमच्या खात्यातले हवा खेचणारे पंखे बंद पडले आणि एक बाई चक्कर येऊन मशीनजवळ कोसळली. मी कोणालाही न विचारता मेन स्विच पाडला. दिवसभराचं सूत वाया गेलं. भाऊ त्या दिवशी रजेवर, तिगावला सासुरवाडीत. दुसऱ्या दिवशी भाऊ परतले आणि मॅनेजरनं खुलासा मागितला, तो कचेरीच्या हिंदीत सचिव म्हणून मीच लिहिला: ‘हमने मशीन बंद की.’ आमच्याकडच्या हिंदीत ‘हम’ म्हणजे एकटाही होतो आणि पन्नासही. मी ते जाणूनच लिहिलं होतं. मॅनेजरनं त्या शब्दावर बोट ठेवलं. "हम मतलब कौन? एक आदमी हो तो वो जाएगा, सब हों तो सब जाएँगे." माझ्या पोरीची दहावी, घराचं बांधकाम ही कारणं मी नंतर शोधली, त्या घडीला मी फक्त भ्यालो होतो.

"मी," भाऊ म्हणाले.

"आप तो छुट्टी पर थे!"

"फोनवरून सांगितलं. मीच."

मला माहीत असलेलं त्यांचं हे एकच खोटं. त्यांची नोकरी गेली, खातं वाचलं, आणि पुढं अध्यक्ष मी झालो.

सौंसरला ते आता शेतकऱ्यांचे फवारणीचे पंप दुरुस्त करतात. मागच्या महिन्यात जाऊन मी त्यांना सगळं सांगून टाकलं. नोझल साफ करता करता ते म्हणाले, "मले तवाच मालूम होतं."

"मग बोलले काऊन नाही, भाऊ?"

"तो माहा निर्णय होता बे. आता तू त्यात वाटा मागून राहिला का?"

"माफ करा मले."

"भेलास तू. ते तुह्याजवळच राहू दे, मी कायले घेऊ? चाय पिऊन जाजो."

आवाज जरासुद्धा चढला नाही. हल्ली सुटीच्या दिवशी मी तिकडं जातो. ते मजेत असतात, गिऱ्हाइकाशी पंप कसा धुवावा यावर तासभर वाद घालतात, मला बसायला जागा करून देतात. एकदा तरी माझ्यावर चिडतील, याची वाट पाहत मी त्यांचा चहा पितो.