कोरी राहिलेली डिस्क

वंदनाताई जोशी यांचं नाव आधी लिहितो. काय घडलं ते मागाहून. जालना रस्त्यावर एका टायरच्या दुकानाच्या माथ्यावर त्यांचं नकाशांचं कार्यालय होतं, आणि तिथल्या दोन तापणाऱ्या खोल्यांत त्यांनी मला एक टेबल, एक खुर्ची आणि विजेचा एक खटका दिला. मी काही मागितलं नव्हतं. भंडाऱ्याकडच्या तळ्यांच्या मुलखातून पोटासाठी इतक्या लांब आलेल्या, नववीतच शाळा सुटलेल्या माणसाच्या अंगी मागण्याचं धाडस नसतं. दिलेलं परत तर घेणार नाहीत ना, ही धाकधूक तेवढी असते.

त्या कार्यालयाचा वास अजून माझ्या श्वासात आहे. ट्रेसिंगच्या कागदाचा किंचित मेणचट वास, जुन्या छापील नकाशांना बिलगून राहिलेला अमोनियाचा उग्र दर्प, आणि दुपार चढत गेली की जिन्यावरून वर येणारा तापलेल्या रबराचा. चैत्र लागताच खिडकीतला प्रकाश चुन्यासारखा पांढरा होई आणि रस्त्यापलीकडच्या मोकळ्या माळावर रोवलेले प्लॉटचे दगड त्या प्रकाशात दातांसारखे दिसत. दुष्काळाची लागोपाठची वर्षं होती ती. शहर, ज्याला आम्ही तेव्हा औरंगाबादच म्हणत असू, एकीकडे तहानेनं सुकत होतं आणि दुसरीकडे शेंद्र्याच्या दिशेनं वेड्यासारखं वाढत होतं. नळाला पाणी कधी येईल हे कुणी सांगू शकत नव्हतं, पण पुढची वसाहत कुठं उठणार हे पानटपरीवरचा माणूससुद्धा सांगे. माझ्या गावी तळ्यात शिंगाड्याच्या वेली पसरतात आणि पाण्याचा वास घराच्या भिंतींना असतो. इथं पाणी फक्त टँकरच्या मागं धावणाऱ्या बायकांच्या आवाजातून कळायचं.

वाळूजला एका कंपनीत माल बांधण्याचं काम करून झाल्यावर मी बजाजनगरात संगणक दुरुस्तीच्या दुकानात लागलो होतो. कंपन्यांनी मोडीत काढलेले संगणक तिथं ढिगानं येत. त्यांची पंख्याची पाती धुळीनं जड झालेली, पण आतला जीव बहुधा शाबूत असे, आणि मला त्यांना भंगारात टाकवत नसे. त्यातूनच तो नाद लागला. अशा एखाद्या म्हाताऱ्या यंत्रात दोन डिस्क बसवायच्या आणि त्याच्यावर अशी एक प्रणाली चढवायची, की एका कार्यालयातल्या सगळ्यांना आपापल्या फायली एकाच ठिकाणी ठेवता याव्यात, कुणाचा संगणक बिघडला तरी काम बुडू नये. तशा प्रणाली जगात होत्या, पण त्यांना तगडी यंत्रं लागत. मला ती थकलेल्या यंत्रांसाठी हवी होती, आणि पडद्यावरचे शब्द मराठीतही हवे होते. ज्यांचे चेहरे मी कधीच पाहणार नव्हतो अशा माणसांनी लिहून जगासाठी उघडा ठेवलेला कोड मी घेतला, त्यात माझ्या पदरची थोडी भर घातली, आणि तोही तसाच उघडा ठेवला, कुणीही न्यावा, बदलावा म्हणून. इंग्रजी मला शाळेत आलं नाही. ते मला यंत्रानं दाखवलेल्या चुकांच्या संदेशांतून आलं. म्हणूनच बहुधा माझ्या इंग्रजीला अजूनही काहीतरी बिघडल्याचा सूर आहे.

ताईंचा संगणक दुरुस्त करायला गेलो असताना हे सगळं बोलण्याच्या ओघात निघालं. ताईंचे आजोबा निजामाच्या काळात दफ्तरात कारकून, वडील भूमापनात, आणि आता त्या स्वतः घरांचे, प्लॉटांचे नकाशे काढणाऱ्या. कागद जपणं त्यांच्या रक्तातच होतं. ऐकून घेऊन त्या एवढंच म्हणाल्या, मग आमच्याकडे बसव की एक. मी गडबडून सांगितलं की अजून तो हौसेचाच खेळ आहे. त्यावर, आमचंही तसंच चाललंय, म्हणून त्या हसल्या. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी सकाळीच तिथं जाई, दुपारभर त्या खुर्चीत बसून कोड लिही, आणि उन्हं कलण्याआधी परतीची बस धरी. त्यांचे सगळे नकाशे, वर्षानुवर्षांचे, हळूहळू माझ्या यंत्रावर राहायला आले.

यंत्र म्हातारं असल्यामुळं दिवसा त्याला फार कामाला लावायचं नाही, असं मी ठरवलं होतं. दिवसभर फायली पहिल्या डिस्कवर उतरतील, आणि सगळं शहर निजलं की ते यंत्र एकटंच जागून, कुणाची घाई नसताना, त्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर करून ठेवील. ही कल्पना मला फार सुंदर वाटे. बजाजनगरच्या खोलीत पडल्या पडल्या मी मनाशी म्हणे, या घटकेला तिकडं जालना रस्त्यावर ते काम करत असेल. पडद्यावर दोन्ही डिस्कांसमोर हिरवी खूण असे आणि खाली मीच लिहिलेले शब्द: अडचण नाही.

मग तो वैशाख आला. कार्यालयातला कूलर त्या वर्षी कोरडाच उभा होता. प्यायच्या पाण्याचे वांधे असताना कूलरच्या टाकीत बादली ओतायला कुणाचा हात धजणार? त्याच्या वाळलेल्या ताट्यांतून नुसती झळ यायची. यंत्राच्या कोपऱ्यातली भिंत हाताला चटका देई. आणि एका सकाळी पहिली डिस्क, नख आपटावं तसा टकटक आवाज करत, गेली.

मला निरोप आला तेव्हा, खरं सांगतो, मी घाबरलो नाही. नेहमी घाबरणारा मी त्या दिवशी जवळजवळ आनंदात होतो, कारण ज्या प्रसंगासाठी एवढा खटाटोप केला तो प्रसंग आला होता. तिथं पोचताच मी कधी नव्हे ते ऐटीत ताईंना सांगितलं की चहा होईपर्यंत सगळं परत येईल. दुसरी डिस्क उघडली. ती कोरी होती.

कोरी म्हणजे कशी, हे मला आजही नीट सांगता येत नाही. फायली मोडलेल्या नव्हत्या, अर्धवट नव्हत्या. तिथं कधी काही आलंच नव्हतं. नांगर न लागलेल्या जमिनीसारखी ती स्वच्छ, निर्विकार होती, आणि तिच्यासमोर ती हिरवी खूण तशीच.  खिडकीतून खाली रस्त्याकडेला टायरवर हातोडा पडताना दिसत होता, ऐकू येत नव्हता. मी पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. ताई चहाचा कप हातात धरून उभ्या होत्या. करमाडकडच्या एका वसाहतीचे नकाशे त्यांना लवकरच दाखल करायचे होते. कितीतरी घरांची परवानगी त्यांवर अडली होती, आणि ते नकाशे आता कुठंच नव्हते.

कारण सापडलं ते शेषरावमामांच्या बोलण्यातून. मामा करमाडजवळचे शेतकरी. शेती सांभाळून या कार्यालयात नकाशे छापायचं आणि सकाळ-संध्याकाळ कुलूप काढण्या-लावण्याचं काम करत. मी एकटाच पुटपुटत होतो, की रात्रीचं काम झालं कसं नाही. ते नकाशे छापायच्या प्लॉटरचा कागद गुंडाळता गुंडाळता थांबले.

"रात्री? रात्री कसं होईल बाबा? मेन तं मी रोज पाडतो. तुम्हीच दाखवलं तसं मशीन आधी बटनानं बंद करतो, मग मेन पाडतो, मग देवापुढल्या दिव्याला हात जोडून शटर. लाईट चालू ठिवून कोण जातं घरला?"

ते बटण मी दाखवलं होतं ते वीज जाणार असेल तेव्हासाठी. या रस्त्यावरचं एकही दुकान मेन खटका न पाडता बंद होत नाही, हे मला माहीत नव्हतं का? आमच्या दुकानात मीच रोज तो पाडत होतो. पण ज्यांच्या लिखाणातून मी शिकलो त्यांच्या जगात अशी यंत्रं कधी निजत नाहीत, आणि त्या जगात शिरताना माझ्या हाताची रोजची सवय मी जणू चपलेसारखी बाहेर काढून ठेवली होती. जे काम सुरूच झालं नाही ते फसलं असं यंत्र कसं म्हणणार? म्हणून ते इमानानं सांगत राहिलं, अडचण नाही.

"जागं राहतं व्हय तुमचं मशीन?" मामा म्हणाले. "मंग सांगायचं ना. आमच्या म्हशीला रात्री चारा लागतो तं आम्ही सांगून जातो."

 ताईंनी कप खाली ठेवला. त्या आता काय म्हणतील याची मी वाट पाहत होतो. खटका, टेबल, खुर्ची सगळं मनातल्या मनात परत करूनही झालं होतं. त्यांनी विचारलं,

"हे अजून कुणाकुणाकडे आहे?"

मला प्रश्न कळलाच नाही. मग कळला. ती प्रणाली लोकांनी उतरवून घेतली होती. कोण, कुठले, मला धड ठाऊकही नव्हतं. अधूनमधून एखादं पत्र येई, आभाराचं, शंकेचं. त्या मंडळीत मी कोण, किती शिकलेला, हे कुणी विचारलं नव्हतं, आणि तेवढ्या एका जागी मी ताठ मानेनं वावरत होतो.

"आधी त्यांना कळव," ताई म्हणाल्या. "माझं जायचं ते गेलंय. त्यांची पहिली डिस्क अजून जिवंत असेल."

मी तिथंच, त्या खुर्चीत बसून, माझ्या बिघडलेल्या इंग्रजीत सूचना लिहिली. यंत्र रोज बंद करत असाल तर तुमच्याकडे कदाचित दुसरी प्रत नसेल. ताईंनी खांद्यावरून वाचलं आणि बोट पडद्यावर टेकवलं. "कदाचित कशाला? कोरी डिस्क तुझ्या समोर आहे ना." मी तो शब्द खोडला. मग कोड जिथं उघडा ठेवला होता तिथंच ती सूचना लावली.

उत्तरं आली. कुणी रागावलं, कुणी मला नीट शिकून ये असं सुनावलं. ते खरंच होतं, म्हणून फार लागलं. आणि कुठल्याशा दूरच्या डोंगराळ देशातून एका शाळेतल्या बाईंनी लिहिलं, की त्यांच्याकडे संध्याकाळनंतर वीजच नसते, त्यांनी आत्ताच पाहिलं, दुसरी डिस्क कोरी आहे. मुलांचं सगळं काम पहिलीवर आहे आणि ती अजून चालते आहे. त्यांनी प्रत करून घेतली होती. मी ते पत्र ताईंना वाचून दाखवलं. त्या टेबलावर वाकून जुन्या कागदी नकाशांतून काय काय शिल्लक आहे ते निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, बरं झालं.

जे कागदावर नव्हतं ते त्यांनी पुन्हा मोजलं. माझ्या प्रत्येक सुट्टीला आम्ही करमाडच्या माळावर असू; टेपचं एक टोक मामांकडे, एक माझ्याकडे, आणि मधे डोक्यावर ओला रुमाल बांधून वही घेतलेल्या ताई. नकाशे दाखल व्हायला उशीर झाला, आणि त्या उशिराचे बोल त्यांनी एकटीनं ऐकले. माझं नाव त्यांनी कुणापाशी घेतल्याचं मला कधी ऐकू आलं नाही.

आता माझी प्रणाली सकाळी यंत्र सुरू होताच आधी प्रत करते आणि मगच फायलींचं दार उघडते. हिरवी खूण मी काढून टाकली, तिथं शेवटची प्रत कधी झाली तेवढंच लिहिलेलं असतं. हे सुधारता आलं. पण त्या दिवशी मला जो धक्का बसला तो कोऱ्या डिस्कचा होता की त्यानंतरच्या त्या एका प्रश्नाचा, हे अजून माझं मलाच कळत नाही. स्वतःचं सगळं नुकतंच गेलेलं असताना माणसाला तिऱ्हाइताची आठवण कुठून येते? मला आली नव्हती. अजूनही कुणाचं यंत्र उघडताना मी मनातल्या मनात चाचपून पाहतो, माझ्यावर तशी वेळ आली तर मला ती येईल का, आणि दर वेळी उत्तर देण्याआधी थबकतो.

ताई, तुमचं हे मी फेडणार आहे. मी नव्या डिस्क आणून ठेवल्या तेव्हा तुम्ही हसलात, म्हणजे तशानं ते फिटायचं नाही एवढं कळलं. कशानं फिटेल ते मला अजून सापडलेलं नाही. पण ज्या दिवशी सापडेल त्या दिवशी जिना चढून येईन.