लाईट लागते, करंट लागत न्हाई

“मीटर खाली ठेवा.”

“न्हाई ठेवत.”

“अहो, ठेवा म्हणते ना! गळ्यातल्या लिंगाला हात लावून शब्द दिलाय तुम्ही त्या नागसेनभाऊंना. माझ्यासमोर.”

“डबा उघडणार न्हाई, असा शब्द दिला. मी कुठं उघडून राहिलो? बाहेरून निस्त्या दोन सुया टेकवायच्या.”

“तपासणार न्हाई, असा शब्द होता.”

“तुला बरं सगळं पाठ राहतं!”

“राहणारच. बोलणी मला खावी लागतात, तुम्हाला न्हाई.”

यावर रुद्रेशने मीटर खाली ठेवलं नाही, पण पुढेही केलं नाही. भर दुपारची वेळ, दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं, आत तांब्याच्या तारेची वेटोळी, उघड्या पडलेल्या दोन मोटारी आणि त्यांच्यामध्ये लाकडी बाकावर तो पांढरा डबा. साबणाच्या वडीएवढा. त्यातून दोन वायरी निघालेल्या आणि वायरींच्या टोकांना चिकटपट्ट्या. नवरा-बायको त्या डब्याच्या दोन बाजूंना उभे. आवाज चढत होते, पण कुजबुजीतच, कारण मागच्या दारापलीकडे स्वयंपाकघरात रुद्रेशची आई, त्याची अव्वा गंगम्मा, लसूण सोलत बसल्या होत्या.

रुद्रेश उदगीरचा. मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान, आणि दुकानाला लागूनच घर. वडील लवकर गेले तेव्हा शाळा सोडून तो उस्तादाच्या हाताखाली बसला. जळालेली मोटार आली की तो आधी हात लावत नाही, नाक लावतो. “पाण्याबिगर चालवली न्हवं?” गिऱ्हाईक म्हणतं, छे छे. रुद्रेश म्हणतो, “मोटार खोटं बोलत नसती मामा, तुम्हीच आठवा जरा.” मग मामांना आठवतं. असा दुकानात बोलका माणूस, पण मागच्या दारातून घरात शिरला की मुका. घरात बोलण्याचा जिम्मा गंगम्मांकडे. त्या कर्नाटकातल्या माहेरच्या बोलीत “सुम्निर” म्हणाल्या, की गप्प बसायचं हे मांजरालासुद्धा ठाऊक.

शिवकन्या निलंग्याची. लग्नाला सहा वर्षं झाली. पहिल्या वर्षी गंगम्मांनी तिच्या पोटाकडे कौतुकाने बघितलं, दुसऱ्या वर्षी काळजीने, आणि नंतर बघायचंच सोडून त्या बोलायला लागल्या. माहूरला ओटी भरून झाली. कुणाकडे बारसं असलं की गंगम्मा म्हणायच्या, “तू नको येऊस गं, लोकं विचारतात.” विचारायचं कुणी नाहीच, त्याच सांगायच्या.

खरं काय ते लातूरच्या तपासणीत कळलं होतं. दोष शिवकन्येत नव्हता. रुद्रेशचे शुक्राणू कमी होते, आणि होते त्यांची हालचालही मंद. डॉक्टरांसमोर तो हसून म्हणाला होता, “म्हंजी मोटार फिरती, पाणी चढंना.” डॉक्टरही हसले. बाहेर आल्यावर बसस्टँडवर त्याने हातातला चहा तसाच गार होऊ दिला आणि म्हणाला, “अव्वाला एवढ्यात सांगू नको.”

एवढ्यात म्हणजे किती, हे शिवकन्येने तेव्हा विचारलं नाही. पुढे विचारलं तेव्हा उत्तर ठरलेलं असायचं, “जरा रिपोर्ट सुधरू दे, मंग सांगतो. निस्ता दोष काय सांगायचा? दोष बी सांगायचा अन् इलाज बी सांगायचा.” गोळ्या झाल्या, अंगाला उष्णता नको म्हणून घट्ट पँट सुटली, मोटारींचं वार्निश सुकवायची भट्टी दुकानाबाहेर गेली. रिपोर्ट सुधारला नाही. मग कुणीतरी नांदेडचं नाव काढलं. तिथल्या एका दवाखान्यात करंट देऊन बघतात म्हणे.

नागसेन तिथलाच माणूस, प्रयोगात आलेल्यांना सगळं समजावून सांगणारा. पहिल्याच भेटीत त्याने दोघांना खुर्च्या दिल्या आणि म्हणाला, “रुद्रेशभाऊ, आधी एक ऐका. हे औषध नाही. प्रयोग आहे. पाठीला, पायाला पट्ट्या लावून एकदम बारीक करंट सोडायचा. त्यानं फरक पडतो का, हे अजून कुणालाच पक्कं माहीत नाही.”

“करंट तर मी रोजच खातो साहेब. दोनशेतीसचा. फरक पडायचा असता तर एव्हाना घरात शाळा भरली असती.”

नागसेन इतका हसला की शिवकन्येला पदराआड तोंड लपवावं लागलं. मग तो गंभीर झाला. डबे दोन तऱ्हेचे आहेत, म्हणाला. दिसायला एकसारखे. एकात खरा करंट, दुसऱ्यात फक्त दिवा. कुणाला कुठला आला, ते डॉक्टर मॅडमनाही माहीत नाही, मलाही नाही.

“अन् ज्याच्या नशिबी खाली डबा?”

“शेवटी त्यालाही खरा देणार. पण तोवर तपासायचं नाही. तुमचा धंदाच हा, म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगतो. कळलं की मन खेळ करतं, आणि मग प्रयोगातून नाव काढावं लागतं.”

तेव्हा रुद्रेशने शर्टातून चांदीच्या पेटीतलं लिंग बाहेर काढलं, त्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “हे बघा, इमानानं सांगतो. तपासणार न्हाई.”

नागसेन गडबडला. “अहो, एवढं नको. सही पुरे.”

घरी डब्याचं नाव ‘कंबरेचा शेक’ पडलं. “दिवसभर वाकून वाकून कंबर गेली लेकराची,” गंगम्मा शेजाऱ्यांना सांगायच्या. रुद्रेश रोज पट्ट्या लावून बसायचा. हिरवा दिवा लागायचा. त्याला काहीच जाणवायचं नाही, आणि काही जणांना जाणवत नाही, असं नागसेनने सांगितलेलंही होतं. पण गेल्या आठवड्यात नांदेडला मधली तपासणी झाली, आणि रिपोर्ट होता तिथंच. मुखेडमार्गे परत येताना एसटीत शिवकन्या एवढंच म्हणाली, “मला खिडकीला बसू द्या,” आणि तो उठला.

आणि आज सकाळी गंगम्मांनी, कुणाला न विचारता, त्याच पट्ट्या स्वतःच्या गुडघ्याला लावल्या.

“रुद्रा,” त्यांनी दुकानात हाक दिली, “तुला फसवलं रे त्या नांदेडवाल्यानं! लाईट लागती, करंट लागत न्हाई. मुंग्यासुदिक आल्या न्हाईत.”

त्या वाक्याने रुद्रेशचा चेहरा असा उजळला, की शिवकन्येला भीतीच वाटली.

“बघ,” तो आता तिला कुजबुजत समजावत होता, “अव्वाला लागलं न्हाई. मला लागत न्हाई. मंग डबा खालीच हाय की! रिपोर्ट होता तिथंच कामून राहिला? कामून म्हंजी, इलाज अजून सुरूच झाला न्हाई. खरा डबा तर पुढं यायचाय!”

“अन् भरलेला निघाला तर?”

“निघत नसतो.”

“निघाला तर?”

“तू वाईटच बोलत जा.”

“मी वाईट न्हाई बोलत. मला भ्या वाटतं. माहीत नसलं तर निदान आस तरी राहती. तुम्ही ती बी मोजायला निघालात.”

रुद्रेशने मीटरच्या वायरींचा गुंता सोडवायला घेतला.   मग शिवकन्याच बोलली, आणि आता तिच्या आवाजातली धार गेली होती.

“रिकामा निघाला, तर आज आत्याबाईंना सांगायचं. आजच. दोष बी अन् इलाज बी. तुमचीच अट होती ती.”

“सांगतो.”

“बघा बरं.”

“सांगतो म्हणलं ना. हे बघ, लिंगाला...”

“लिंगाला हात लावू नका. निस्तं सांगा.”

तेवढ्यात आतून गंगम्मांचा आवाज आला, “शिवकन्ये! गुडघ्याचं तेल कुठं ठेवलंस गं? सकाळी शेक घ्यायच्या आधी चांगलं चोळलं होतं, आता बाटलीच सापडंना.”

“आले, आत्याबाई.”

शिवकन्या निघाली. रुद्रेश तिच्या मागोमाग दारापर्यंत गेला.

“अव्वा,” त्याने दारातून विचारलं, “पट्ट्या लावल्या तवा गुडघ्याला तेल होतं?”

“मग? कोरड्या गुडघ्याला शेक घेतात व्हय रे? तेलानं पट्टी सारखी घसरून राहिली होती, हातानं दाबून धरली.”

तेलातून करंट जात नाही. हे त्याला उस्तादाने पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तेलाच्या थरावर पट्टी धरली तर म्हातारीला काय डोंबलाच्या मुंग्या येणार? दिवा काय, बटण दाबलं की लागतोच. आणि त्याचं स्वतःचं अंग तर झटके खाऊन खाऊन असं निबर झालेलं, की साध्या टेस्टरने त्याला गुदगुल्याही होत नसत.

म्हणजे आईच्या गुडघ्याने काहीच सांगितलेलं नव्हतं.

मीटर अजूनही खाली ठेवता आलं असतं. शब्दही राहिला असता. बाकाशी परत येऊन त्याने दाराकडे पाहिलं. आत बाटलीची शोधाशोध चालली होती. त्याने पॅंटचा पाय वर केला, नडगी फडक्याने कोरडी पुसली, दोन्ही पट्ट्या दाबून बसवल्या आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. पट्ट्यांवरच्या धातूच्या बटणांना त्याने सुया टेकवल्या.

काटा हलला नाही.

त्याने श्वास सोडला. मग धंद्याची सवय, मीटर सगळ्यात बारीक मापावर आणलं आणि सुया पुन्हा टेकवल्या.

काटा शहारला. पडला. पुन्हा शहारला. पडला. एका लयीत, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा.

त्याने सुया उलट्या लावून बघितल्या. पट्ट्या काढून दुसऱ्या पायाला लावून बघितल्या. काटा तसाच शहारत राहिला. बारीक, अगदी नागसेन म्हणाला होता तितका बारीक, पण खरा. इतके दिवस रोज अंगातून गेलेला. आणि रिपोर्ट होता तिथंच.

“सापडली बाटली!” शिवकन्या परत आली. हात तेलाने माखलेले, ते तिने पदर सावरताना लांब धरले होते. रुद्रेशने सुया चटकन काढून घेतल्या. “बघितलं का? थांबा, थांबा, तुम्ही बोलू नका. आत्याबाईंच्या गुडघ्याला तेल लावता लावता मी ठरवलं बघा सगळं. त्यांना बी हिकडं या म्हणलंय. सुरुवात मी करते. इतके दिवस त्यो डबाच खाली होता, म्हणते. आता खरा येणार हाय, म्हणते. तुम्ही निस्तं हाव म्हणा. एवढं तर जमंल? एका शब्दाचं तर काम हाय.”

तो पट्ट्या सोडवत होता. एक नडगीला घट्ट बसली होती, केसांसकट निघाली.

“अहो, रिकामाच हाय न्हवं?”

दाराची चौकट धरून गंगम्मा उंबऱ्यात आल्या होत्या. सुनेच्या तोंडावर त्यांनी कधी न पाहिलेलं हसू होतं, आणि त्याने त्यांना संशय आला होता.

“काय सांगायचंय म्हणती ही? मला उगंच उठवून आणलं. काय खाली, काय भरलेलं? काय रे रुद्रा?”

“सांगा की,” शिवकन्या हळूच म्हणाली. “मी हाय हितं.”

“रुद्रा, मी काय विचारून राहिले?”

रुद्रेशने वायरी डब्याभोवती गुंडाळल्या. नीट, एकावर एक, गिऱ्हाईकाची मोटार बांधून देताना गुंडाळतो तशा. डबा बाकावर ठेवला, मीटर खिळ्याला अडकवलं, पॅंटचा पाय खाली केला. मग दोघींपैकी कुणाकडेही न बघता, अर्ध्या शटरखालून वाकून तो रस्त्यावर उतरला आणि उन्हातून मोंढ्याच्या दिशेने चालू लागला.